क्रिकेट : नीरसता व रंजकता

क्रिकेट हा खेळ कंटाळवाणा आहे की मनोरंजक, हा वाद त्या खेळाइतकाच जुना असून त्याचा निर्णय सहसा वाद घालणाऱ्याच्या स्वभावावर सोडून दिला जातो. खेळाच्या इतिहासाकडे, विशेषतः महाराष्ट्रातील इतिहासाकडे, पाहिल्यास मात्र हा प्रश्न केवळ आवडीनिवडीचा राहत नाही. तेच मैदान, तेच नियम आणि पुष्कळदा तेच खेळाडू असताना एक सामना प्रेक्षकांना जागेवर खिळवून ठेवतो, तर दुसरा त्यांना घरी पाठवतो. असे का होते, याची कारणे खेळाची कालमर्यादा, खेळपट्टीचे स्वरूप आणि सामन्यात पणाला लागलेली गोष्ट यांत शोधावी लागतात.

आक्षेपात तथ्य आहे, हे प्रथम मान्य केले पाहिजे. कसोटी सामन्यात दिवसाला ९० षटके, म्हणजे ५४० चेंडू टाकले जावेत अशी अपेक्षा असते. गोलंदाजाने धाव घेतल्यापासून चेंडू थांबेपर्यंत सरासरी पाच-सहा सेकंद धरली, तर सहा तासांच्या खेळात चेंडू प्रत्यक्ष खेळात असण्याचा काळ ढोबळ मानाने तासाभराच्या आतच राहतो. उरलेला वेळ चालण्यात, क्षेत्ररक्षण बदलण्यात आणि वाट पाहण्यात जातो. कबड्डीत चढाईला तीस सेकंदांची मर्यादा असते आणि सामना चाळीस मिनिटांत आटोपतो. खो-खोमध्ये तर पळणाऱ्याला उसंतच नसते. या खेळांवर वाढलेल्या माणसाला क्रिकेट रेंगाळणारे वाटले, तर त्यात नवल नाही. परंतु संथ खेळ आणि रटाळ खेळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांची गल्लत झाल्यामुळेच हा वाद अनेकदा निष्फळ ठरतो.

मुंबईत पारशी व युरोपियन यांच्यात १८९२ पासून इलाखा सामने होऊ लागले. १९०७ मध्ये हिंदू आणि १९१२ मध्ये मुसलमान संघ दाखल झाल्यावर त्यांची चौरंगी स्पर्धा बनली व १९३७ मध्ये ‘शेष’ संघाच्या प्रवेशाने ती पंचरंगी झाली. हे सामने अनेक दिवस चालत, फलंदाजीही पुष्कळदा संथ असे. तरीही मुंबईत त्यांच्याइतके गर्दी खेचणारे दुसरे सामने नव्हते. नागपुरात जन्मलेल्या सी. के. नायडू यांनी १ डिसेंबर १९२६ रोजी मुंबई जिमखान्याच्या मैदानावर एम. सी. सी. संघाविरुद्ध हिंदूंतर्फे दोन तासांच्या आत १५३ धावा काढल्या व त्यांत ११ षटकार मारले. त्या खेळीची आठवण पुढे कित्येक वर्षे सांगितली जात होती. मात्र चौरंगी सामन्यांची गर्दी केवळ षटकारांसाठी जमत नव्हती. प्रत्येक धावेमागे एका समाजाची प्रतिष्ठा उभी असे. १९०६ मध्ये हिंदू संघाने युरोपियनांचा पराभव केला, तेव्हा त्या विजयाला राजकीय अर्थही प्राप्त झाला होता. त्या संघातील प्रमुख गोलंदाज पाळवणकर बाळू हे अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातीतील होते. पुण्यात त्यांना सहकाऱ्यांपासून वेगळा चहा घ्यावा लागे. त्यांचे बंधू विठ्ठल १९२३ मध्ये हिंदू संघाचे कर्णधार झाले, त्यामागे अनेक वर्षांचा संघर्ष होता. अशा सामन्यात तासभर धाव निघाली नाही तरी कोणी जांभई देत नसे.

या रंजकतेची किंमतही मोठी होती. धार्मिक आधारावर संघ उभारण्याला महात्मा गांधींनी डिसेंबर १९४० मध्ये स्पष्ट नापसंती दर्शवली आणि १९४६ नंतर पंचरंगी स्पर्धा बंद पडली. ती बंद पडणे योग्यच होते. परंतु तिच्याबरोबर प्रेक्षकांना पाच दिवस बसवून ठेवणारे कारणही नाहीसे झाले आणि रणजी करंडकाच्या प्रांतवार सामन्यांना ते पूर्णतः भरून काढता आले नाही.

याच सुमारास मुंबई व पुणे येथील खेळपट्ट्या फलंदाजांना इतक्या अनुकूल बनल्या होत्या की, धावांचा अक्षरशः महापूर आला. १९४३ सालच्या पंचरंगी सामन्यात विजय मर्चंट यांनी हिंदूंतर्फे नाबाद २५० धावा केल्या. त्याला उत्तर देताना शेष संघाच्या ३८७ धावांपैकी ३०९ धावा एकट्या विजय हजारे यांच्या होत्या. धाकटे बंधू विवेक यांच्या साथीत त्यांनी ३०० धावांची भागी केली. तीत विवेक यांचा वाटा २१ धावांचा होता. शेष संघ एका डावाने हरला, पण लक्षात राहिली ती हजारे यांची झुंज. १९४४–४५ च्या रणजी अंतिम सामन्यात मुंबई व होळकर या संघांनी मिळून २,०७८ धावा काढल्या. मार्च १९४९ मध्ये पुण्यात झालेल्या मुंबई-महाराष्ट्र उपान्त्य सामन्याने या सर्वांवर कडी केली. मुंबईने ६५१ व ८ बाद ७१४, तर महाराष्ट्राने ४०७ व ६०४ धावा केल्या. सात दिवसांत एकूण २,३७६ धावा आणि नऊ शतके नोंदली गेली. हा प्रथम दर्जाच्या क्रिकेटमधील जागतिक विक्रम होय.

धावा म्हणजे रंजन, असे समीकरण खरे असते, तर हा सामना जगातील सर्वांत रंजक ठरावयास हवा होता. वस्तुस्थिती तशी नाही. गोलंदाजाला कोणतीच आशा नसलेल्या खेळपट्टीवर शतकालाही मोल उरत नाही. चौकार हा तेथे अपवाद न राहता नित्याचा व्यवहार बनतो. निकाल लागेपर्यंत खेळायचे असल्याने घाई करण्याचे कारणही कोणाला नसते. याच मोसमात, डिसेंबर १९४८ मध्ये, भाऊसाहेब निंबाळकर यांनी पुण्यात काठेवाडविरुद्ध महाराष्ट्रातर्फे नाबाद ४४३ धावा काढल्या. डॉन ब्रॅडमन यांच्या ४५२ या तत्कालीन विक्रमापासून ते नऊ धावांवर होते. महाराष्ट्राची धावसंख्या ४ बाद ८२६ झाली होती. मध्यंतरात काठेवाडच्या कर्णधाराने पुढे खेळण्यास नकार देऊन सामना सोडून दिला. या वागणुकीला अखिलाडू म्हणण्याची प्रथा आहे आणि ती रास्तही आहे. तथापि दोन दिवस उन्हात चेंडूमागे धावणाऱ्या अकरा जणांच्या दृष्टीने त्या सामन्यात खेळ असा काही उरला नव्हता, हेही नाकारता येत नाही. निंबाळकर यांना अधिकृत कसोटी सामना कधीच खेळावयास मिळाला नाही.

पुढील दोन दशकांत दुखणे उलट्या बाजूने प्रकट झाले. पराभवाच्या धास्तीने संघ बचावात्मक खेळू लागले. भारत व पाकिस्तान यांच्यातील १९५४–५५ व १९६०–६१ या मालिकांतील दहाही कसोट्या अनिर्णित राहिल्या. १९६३–६४ मध्ये इंग्लंडविरुद्धच्या मालिकेतील पाचही सामन्यांचा निकाल लागला नाही. त्यांपैकी मद्रास येथील पहिल्या कसोटीत नाशिकला जन्मलेले बापू नाडकर्णी यांनी १२ जानेवारी १९६४ रोजी सलग २१ षटके निर्धाव टाकली. सलग १३१ चेंडूंवर एकही धाव निघाली नाही. डावातील त्यांचे पृथक्करण ३२ षटके, २७ निर्धाव, ५ धावा व एकही बळी नाही असे होते. खेळपट्टीवर नाणे ठेवून त्यावर नेमका चेंडू टाकण्याचा सराव ते करीत, असे सांगतात. त्यांच्या अचूकतेविषयी दुमत नाही. पण फलंदाज मारू इच्छित नव्हता आणि गोलंदाजाला बळी मिळत नव्हता. हा पराक्रम धावफलकावर वाचताना जितका थक्क करतो, तितका तो प्रत्यक्ष पाहताना आनंद देत असेल, असे म्हणणे कठीण आहे.

याउलट ओव्हल येथील २४ ऑगस्ट १९७१ चा दिवस पाहावा. भगवत चंद्रशेखर यांनी ३८ धावांत ६ बळी घेऊन इंग्लंडचा दुसरा डाव १०१ धावांत गुंडाळला होता आणि भारताला विजयासाठी १७३ धावा हव्या होत्या. शेवटच्या दिवसाच्या प्रारंभी भारताच्या २ बाद ७६ धावा झाल्या होत्या. कर्णधार अजित वाडेकर आदल्या दिवसाच्या ४५ धावांत भर न घालताच धावचीत झाले. त्यानंतर दिलीप सरदेसाई, गुंडाप्पा विश्वनाथ व फारुख इंजिनियर यांनी इंचाइंचाने डाव पुढे नेला. ६ बाद १७४ धावांसाठी भारताला १०१ षटके लागली, म्हणजे षटकामागे दोन धावाही नव्हत्या. आकड्यांच्या हिशेबाने हा अतिशय संथ खेळ होता, पण त्याला रटाळ म्हणणारा मनुष्य अद्याप भेटलेला नाही. तो दिवस गणेश चतुर्थीचा होता आणि भारतीय पाठीराख्यांनी एका प्राणिसंग्रहालयातून बेला नावाची हत्तीण मैदानावर आणली होती. मुंबईच्या मैदानांवर जोपासलेला, विकेट सहजासहजी न देणारा ‘खडूस’ बाणा येथे कामी आला. याच मैदानावर १९७९ मध्ये ४३८ धावांचा पाठलाग करताना सुनील गावसकर यांनी २२१ धावा केल्या व भारत ८ बाद ४२९ वर थांबला. सामना अनिर्णित राहिला, तरी अखेरच्या षटकापर्यंत चारही निकाल शक्य होते.

त्याच गावसकर यांनी ७ जून १९७५ रोजी लॉर्ड्‌सवर पहिल्या विश्वचषक स्पर्धेत ६० षटके नाबाद राहून केवळ ३६ धावा केल्या. इंग्लंडच्या ३३४ धावांसमोर भारताच्या ३ बाद १३२ झाल्या. कसोटीत जो संयम गुण ठरतो, तोच मर्यादित षटकांत असह्य दोष बनतो, याचे यापेक्षा बोलके उदाहरण नाही. नीरसतेवर उपाय म्हणूनच इंग्लंडमध्ये १९६३ पासून एकदिवसीय सामने सुरू झाले होते. १९८३ च्या विश्वविजेतेपदानंतर भारतात त्यांची लोकप्रियता झपाट्याने वाढली आणि २००३ मध्ये इंग्लंडमध्ये निघालेल्या वीस षटकांच्या प्रकाराने २००७ च्या विश्वचषकानंतर व २००८ च्या आयपीएलनंतर भारतात उरलेली कसर भरून काढली. चेंडूची संख्या कमी होताच प्रत्येक चेंडूला भाव आला. तथापि षटकारांचा अतिरेक झाला की, येथेही १९४९ च्या पुण्यातील सामन्याचीच गत होते, फक्त ती तीन तासांत होते.

क्रिकेट कसे वाटते, हे ते कोठून पाहिले जाते यावरही अवलंबून असते. बुलढाणा जिल्ह्यातील दुसरबीडसारख्या गावापासून मुंबई-नागपूरची मोठी मैदाने शेकडो किमी. दूर आहेत. अशा गावांतील दोन-तीन पिढ्यांना कसोटी क्रिकेट कळले ते कानांनी. आकाशवाणीवरील बाळ ज. पंडित यांच्यासारख्या समालोचकांच्या मराठीने खेळातील रिकाम्या जागा भरून काढल्या. श्रोत्याला मैदानाकडे टक लावून बसायचे नव्हते. हातातले काम सुरू ठेवून कान तेवढा रेडिओकडे द्यायचा होता. संथ खेळ अशा ऐकण्याला सोयीचाच होता. दूरचित्रवाणी आल्यावर ही सवड राहिली नाही. गावातले स्वतःचे क्रिकेट मात्र पहिल्यापासून आखूडच होते. उलंगवाडी झालेल्या किंवा पडीक रानात, टेनिसच्या चेंडूने, सहा-आठ किंवा दहा षटकांचे सामने खेळले जातात. उजेड असेतो सामना संपवावा लागतो आणि खेळणाऱ्यालाही पाहणाऱ्यालाही दुसऱ्या दिवशी कामावर जायचे असते. शहरांनी वीस षटकांचे क्रिकेट शोधून काढले, असे म्हणताना हे विसरले जाते.

दीर्घ प्रकारातही विदर्भाने अलीकडे ठसा उमटवला आहे. १९५७–५८ पासून रणजी स्पर्धेत खेळणाऱ्या या संघाने २०१७–१८, २०१८–१९ आणि २०२४–२५ मध्ये करंडक जिंकला. शेवटच्या मोसमातील सामने प्रस्तुत प्रश्नाच्या दृष्टीने अभ्यसनीय आहेत. बाद फेरीतील सामना अनिर्णित राहिल्यास पहिल्या डावातील आघाडीवर विजेता ठरतो. या नियमाने केरळने उपान्त्यपूर्व फेरीत जम्मू-काश्मीरवर एका धावेची आणि उपान्त्य फेरीत गुजरातवर दोन धावांची आघाडी मिळवली. गुजरातच्या अखेरच्या फलंदाजाने मारलेला चेंडू जवळच्या क्षेत्ररक्षकाच्या शिरस्त्राणावर आदळून उंच उडाला व स्लिपमध्ये झेलला गेला. २०१७ पूर्वीच्या नियमांनुसार तो झेल ग्राह्य धरला गेला नसता. शेकडो षटकांचा संथ खेळ त्या एका क्षणात उकलला. नागपूरजवळील जामठा येथील अंतिम सामन्यात मात्र याच नियमाची दुसरी बाजू दिसली. विदर्भाच्या ३७९ धावांना उत्तर देताना केरळचा डाव तिसऱ्या दिवशी ३४२ धावांत संपला आणि ३७ धावांच्या आघाडीने करंडक जवळजवळ निश्चित झाला. उरलेले दोन दिवस विदर्भाने फलंदाजी केली. करुण नायर यांनी १३५ धावांची उत्तम खेळी केली. धावसंख्या ९ बाद ३७५ असताना, २ मार्च २०२५ रोजी, दोन्ही कर्णधारांनी हस्तांदोलन केले.