४६.५ मिलिमीटरचा इतिहास: काकांची लेन्स, नवा कॅमेरा आणि चारठाण्याचा मंडप

आजच्या धाग्याची सुरुवात एका कोड्याने करू. कॅनॉन कंपनीने १९७१ मध्ये बाजारात आणलेल्या एफडी मालिकेची लेन्स त्याच कॅनॉनच्या डिजिटल एसएलआरवर धड चालत नाही. मात्र तिच्या कट्टर प्रतिस्पर्धी निकॉनची त्याच काळातील लेन्स त्याच कॅनॉनवर एका पातळ धातूच्या कड्याच्या आधाराने बसते आणि क्षितिजापर्यंतचे चित्र स्पष्ट देते. स्वतःचे अपत्य परके आणि शेजाऱ्याचे आपले, असे का झाले?

हा प्रश्न वरवर दुकानदाराचा वाटतो, पण त्याचे उत्तर इतिहासात आहे. परभणी जिल्ह्यातील चारठाण्याची यादवकालीन मंदिरे, जिंतूरजवळच्या नेमगिरीची जैन लेणी, धारासूरचे गुप्तेश्वर मंदिर यांची छायाचित्रे घेऊ पाहणाऱ्या मंडळींकडून तो मला वारंवार विचारला जातो. घरात काकांची किंवा मामांची जुनी लेन्स पडून आहे, तिची काच निर्मळ आहे, फिल्म मात्र महाग आणि धुऊन देणारा जवळपास कोणी नाही. मग या लेन्ससाठी कोणता डिजिटल कॅमेरा घ्यावा? नवी लेन्स घेण्याइतके पैसे विद्यार्थ्याच्या खिशात नसतात, आणि पडझड होणारी शिल्पे आपल्या नोकरीची वाट पाहत थांबत नाहीत.

प्रथम, ही लेन्स आपल्या घरी आली कशी ते पाहू. परभणी १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होती. त्या संस्थानात छायाचित्रणाला राजाश्रय होता. १८४४ मध्ये सरधना येथे जन्मलेले लाला दीनदयाळ सहाव्या निजामांचे दरबारी छायाचित्रकार झाले आणि ‘राजा’ ही पदवी पावले. पण दरबारचा कॅमेरा निराळा आणि पेठेतल्या स्टुडिओचा निराळा. स्वातंत्र्यानंतरच्या दशकांत गावोगावच्या स्टुडिओंत जो कॅमेरा रुळला, तो बहुधा दोन भिंगांचा, वरून खाली डोकावून पाहण्याचा: रोलीकॉर्ड किंवा याशिका. त्यात १२० नंबरची फिल्म, एका रिळात बारा चौकोनी फोटो. हौशी माणसाकडे बडोद्यात तयार होणारा आगफा क्लिक ३ असे. या सर्वांची लेन्स कॅमेऱ्याच्या अंगातच बसवलेली असते. आपल्या घरातला वारसा असा असेल, तर तो जपून ठेवा. त्याची लेन्स काढून डिजिटल बॉडीवर लावण्याच्या भानगडीत पडू नका.

लेन्स बदलता येणारे एसएलआर आपल्याकडे आले ते आयातीच्या कडक निर्बंधांच्या काळात, आणि म्हणून आडवाटांनी. सोव्हिएत संघाशी रुपयांत व्यापार चाले, त्यामुळे झेनित दिसे. पूर्व जर्मनीचा प्राक्टिका दिसे. आखाती देशांत नोकरीला गेलेला एखादा नातेवाईक येताना पेन्टॅक्स, कॅनॉन वा निकॉन घेऊन येई. काकांच्या कपाटात नेमकी कोणती लेन्स सापडेल, हे असे शीतयुद्धाने आणि आखाती तेलाने ठरवलेले असते.

आता कोड्याकडे वळू. लेन्स कॅमेऱ्याला जिथे टेकते, तिथून फिल्मच्या पृष्ठापर्यंतचे अंतर प्रत्येक कंपनीने एकदाच ठरवलेले असते. त्याला फ्लँज अंतर म्हणतात. एसएलआरमध्ये लेन्सच्या मागे हलणारा आरसा असल्यामुळे हे अंतर चाळीस मिलिमीटरांहून अधिक ठेवावे लागे. १९४९ च्या सुमारास ड्रेस्डेनच्या कॉन्टॅक्स एस या कॅमेऱ्याने ४२ मि.मी. व्यासाच्या आट्यांची लेन्स रूढ केली. तिलाच पुढे एम ४२ हे नाव पडले. तिचे अंतर ४५.४६ मि.मी. हे आटे प्राक्टिकाने घेतले, जपानच्या पेन्टॅक्सने १९५७ मध्ये घेतले, झेनितनेही घेतले. झेनितवरची प्रसिद्ध हेलिओस ४४ ही लेन्स मुळात येनाच्या झाइस कारखान्यातील बायोटारची सोव्हिएत आवृत्ती. जर्मनीच्या पराभवानंतर रचनाही पूर्वेकडे गेल्या, त्यांतली एक फिरत फिरत मराठवाड्यातल्या लग्नमंडपापर्यंत पोहोचली.

निकॉनने १९५९ मध्ये एफ माउंट आणला, अंतर ४६.५ मि.मी. कॅनॉनच्या एफडीचे अंतर ४२ मि.मी. पुढे १९८७ मध्ये स्वयंचलित फोकसचे युग आले, तेव्हा कॅनॉनने धाडस केले: जुना माउंट मोडीत काढून ईएफ हा पूर्णपणे विद्युत जोडणीचा नवा माउंट आणला, अंतर ४४ मि.मी. ज्यांनी एफडी लेन्सवर आयुष्याची पुंजी घातली होती, त्यांना हा विश्वासघात वाटला. निकॉनने उलट मार्ग धरला आणि १९५९ चा माउंट सोडला नाही.

ही चार अंके पाटीवर लिहा, कोडे सुटते. निकॉनची लेन्स फिल्मपासून ४६.५ मि.मी. दूर असायला हवी, कॅनॉन ईएफ बॉडी तिला ४४ वर नेते, उरलेले २.५ मि.मी. कड्याने भरून काढता येतात. एम ४२ लाही तिथे जवळपास दीड मिलिमीटरची जागा मिळते. पण एफडी लेन्सला ४२ मि.मी. हवेत आणि बॉडीच ४४ वर थांबते. कडे कितीही पातळ करा, लेन्स दोन मिलिमीटर दूरच राहणार. मग ५० मि.मी. ची लेन्स फार तर सव्वा मीटरपर्यंतच्या वस्तू स्पष्ट दाखवते, त्यापलीकडे सारे धूसर. निकॉन डीएसएलआरवर एम ४२ लावली, तर हीच मर्यादा अडीच मीटरच्या आसपास येते. द्वारशाखेवरचे एखादे कमळ टिपाल. समोर उभे राहून मंदिर टिपता येणार नाही. अशी तूट भरून काढण्यासाठी मध्ये काच असलेले कडे मिळते, पण स्वस्त कड्यातली काच चांगल्या लेन्सचाही बोजवारा उडवते. ते घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे.

या चित्राला कलाटणी मिळाली २००८ मध्ये. पॅनासॉनिकच्या जी१ ने आरसाच काढून टाकला. आरसा गेला, तसे अंतर वीस मिलिमीटरांच्या आसपास आले. २०१० मध्ये सोनीचा ई माउंट आला, १८ मि.मी.; २०१३ मध्ये त्याच माउंटवर ए७ हा फुल फ्रेम, म्हणजे ३५ मि.मी. फिल्मच्या चौकटीएवढाच सेन्सर असलेला कॅमेरा आला. २०१८ मध्ये निकॉन झेड, १६ मि.मी., आणि कॅनॉन आरएफ, २० मि.मी. आता कोणत्याही जुन्या एसएलआर लेन्सला पुरेशी जागा होती. सोनीवर निकॉनची लेन्स लावायची तर अडॅप्टर २८.५ मि.मी. जाडीचा, एफडी लावायची तर २४ मि.मी. चा: आत काच नसलेली निव्वळ पोकळ नळी. १९८७ मध्ये अनाथ झालेल्या एफडी लेन्सला असे पुन्हा घर मिळाले. कॅनॉनने नव्हे, प्रतिस्पर्ध्यांनी प्रथम दिले, हे गमतीचे.

मग घ्यावे काय? लेन्स एफडी असेल किंवा मिनोल्टाची जुनी असेल, तर मिररलेसशिवाय गत्यंतर नाही. लेन्स एम ४२ असेल आणि पैसा कमी असेल, तर वापरलेला कॅनॉन डीएसएलआर उत्तम. ६डी मिळाला तर फुल फ्रेमही पदरात पडते. फुल फ्रेम कॅनॉनवर मात्र काही लेन्सचा मागचा भाग आरशाला घासतो. पैसे देण्यापूर्वी तीच लेन्स लावून, फोकस अनंतावर नेऊन, एक फोटो काढून पाहावा. पेन्टॅक्स डीएसएलआर कुठे मिळाला तर तोही सोडू नये: १९७५ चा के माउंट त्या कंपनीने आजही टिकवला आहे, आणि त्याचे अंतर मुद्दाम एम ४२ एवढेच ठेवले होते.

निकॉनच्या घराण्यात एक पोटजात आहे, ती ओळखायला शिका. १९७७ मध्ये एआय पद्धत आली. त्यापूर्वीच्या लेन्स अ‍ॅपर्चरच्या कड्यावरील दोन कानांनी कॅमेऱ्याला छिद्राचा आकार सांगत. नंतरच्या लेन्स कड्याच्या मागच्या खाचेने सांगू लागल्या. एआय लेन्स डी७२०० किंवा डी६१० वर सुखाने चालते, प्रकाशमापनही होते. डी७५०० नावाने पुढचा, पण त्यातून ही खाच वाचणारा खटकाच काढून टाकला आहे. डी३००० आणि डी५००० या मालिकांतही तो नाही. तिथे लेन्स बसते, पण प्रकाशाचा अंदाज स्वतः घ्यावा लागतो. आणि एआयपूर्वीची लेन्स खटका असलेल्या बॉडीवर जोराने फिरवली, तर खटका मोडतो. दुकानात हे सांगितले जाईलच असे नाही.

सेन्सरच्या आकाराविषयी थोडे अधिक बोलायला हवे, कारण मंदिरात खरी अडचण तिथेच येते. चारठाण्यासारख्या जुन्या मंदिराच्या मंडपात चार मीटर मागे सरकलात की पाठीला खांब लागतो, असे समजा. फुल फ्रेमवर ५० मि.मी. ची लेन्स तिथून सुमारे २.९ मीटर रुंदी सामावून घेते. निकॉनच्या लहान, एपीएस-सी सेन्सरवर तीच लेन्स १.९ मीटरच दाखवते. काकांकडे २८ मि.मी. ची लेन्स असेल तर अनुक्रमे ५.१ आणि ३.४ मीटर. म्हणून वास्तूसाठी फुल फ्रेम, आणि मूर्ती, शिलालेख, वीरगळ यांच्यासाठी लहान सेन्सरही चालेल. जुन्या छायाचित्राच्या जागी जाऊन तेच दृश्य पुन्हा टिपणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावे: खांबांमागचे खांब कसे दिसतात, हे आपण कुठे उभे आहोत यावर ठरते, लेन्स फक्त किती भाग कापायचा ते ठरवते. तीच लेन्स शोधत बसण्यापेक्षा तीच फरशी शोधा.

आणखी एक गोष्ट ऐन शेवटच्या क्षणी भंडावते. मिररलेसला जुनी लेन्स दिसतच नाही, त्यामुळे कित्येकदा शटर दाबूनही फोटो निघत नाही. मेनूत लेन्सविना शटर चालू देण्याची सोय असते, ती आधी सुरू करावी. फोकस हाताने करायचा असल्यामुळे पडद्यावर चित्र मोठे करून पाहण्याची सवय लावावी. कॅमेरा फोटोसोबत अ‍ॅपर्चरचा आकडा नोंदवणार नाही, लेन्सचे नावही नाही. आपण इतिहासाचे विद्यार्थी. वहीत लेन्स, अ‍ॅपर्चर, दिशा आणि उभे राहण्याची जागा लिहून ठेवलीत, तर वीस वर्षांनी येणारा अभ्यासक दुवा देईल.

लेन्स पारखताना तिच्यातून टॉर्चचा उजेड पाडून बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे म्हणजे बुरशी. अ‍ॅपर्चरची पाती चकचकीत ओली दिसली, तर आतले ग्रीस उन्हाने पातळ होऊन पसरले आहे. परभणीचा मे महिना कपाटातल्या लेन्सलाही सोसावा लागतो. पेन्टॅक्सच्या सुपर-टाकुमार ५० मि.मी. एफ १.४ ची काच पिवळी पडलेली दिसली, तर घाबरू नका: त्या काचेत थोरियम आहे, आणि काही आठवडे उन्हात ठेवल्यास पिवळेपणा बराच उतरतो. आपल्याकडे उन्हाची वानवा नाही. फक्त लेन्सच्या मागे कागद वा कापड नको. भिंगच ते, पेट घेईल.

शेवटी एका लेन्सची गोष्ट, जी मला या साऱ्यात सर्वांत मोलाची वाटते. १९५६ मध्ये निकॉनने मायक्रो-निकॉर काढली ती फुलांच्या वा कीटकांच्या फोटोंसाठी नव्हे. जपानी दस्तऐवजांच्या मायक्रोफिल्म करायच्या होत्या, आणि कांजी अक्षरांच्या दाट रेषा साध्या लेन्सला उमटवता येईनात. दप्तरखान्याच्या गरजेतून जन्मलेली ही लेन्स. तिच्या १९७० च्या दशकातील ५५ मि.मी. आवृत्त्या वस्तूची निम्म्या आकाराची प्रतिमा सेन्सरवर पाडतात. १२० फिल्मची चौकोनी निगेटिव्ह सुमारे ५६ मि.मी. ची, फुल फ्रेम सेन्सरची उंची २४ मि.मी.; म्हणजे निम्म्याहूनही कमी आकार पुरतो. गावच्या स्टुडिओतली जुनी निगेटिव्ह टिपायला ही लेन्स, एक अडॅप्टर आणि खालून सम प्रकाश देणारी पाटी, एवढेच लागते.

हे सांगण्याचे कारण असे की सेलू, मानवत, गंगाखेड, जिंतूर अशा गावांच्या जुन्या स्टुडिओंतून जे रोल निघाले, त्यांत उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सच्या ‘इंदू’चीही भर होती. अशा रोलांचा आधार बहुधा अ‍ॅसिटेटचा. उष्णता आणि दमट हवा मिळाली की तो विघटित होतो, आकसतो, त्याला आंबूस शिरक्यासारखा वास येऊ लागतो, आणि एकदा वास सुटला की वेग वाढतच जातो. मंदिराचा दगड आणखी काही पावसाळे तग धरेल. मुक्तिसंग्रामानंतरच्या पहिल्या पिढीचे लग्नातले, शाळेतले, बाजारातले चेहरे ज्या पट्ट्यांवर आहेत, त्या तितक्या थांबणार नाहीत. तेव्हा ओळखीच्या स्टुडिओवाल्या काकांकडे गेलात, तर लेन्सची चौकशी करण्याआधी निगेटिव्हचे खोके कुठे ठेवले आहे ते विचारा, आणि झाकण उघडताच वास घेऊन पाहा. आंबूस वास आलेले खोके सर्वांत आधी टिपायला घ्या.