फळीखालची चित्रे

स्केटबोर्डवरचे चित्र फळीच्या खालच्या अंगाला असते. वरच्या अंगाला पाय घसरू नयेत म्हणून ग्रिप टेप नावाचा काळा, खरखरीत कागद चिकटवलेला असतो. तिथे चित्राला जागा नाही. खालच्या बाजूलाही चाकांच्या दोन जोड्या बसवल्यावर मधला पट्टा तेवढा मोकळा उरतो. खेळाडू हवेत उसळला की हे चित्र क्षणभर दिसते आणि कठड्यावरून फळी घासत नेली की खरवडून निघते. झिजण्यासाठीच विकल्या जाणाऱ्या वस्तूवर इतकी मेहनतीची चित्रकला उभी राहिली, हे या कलेचे वेगळेपण आहे. तिची शैली बदलली ती मुख्यतः खेळण्याची आणि छपाईची पद्धत बदलत गेल्यामुळे.

१९५० आणि १९६० च्या दशकांत कॅलिफोर्नियात स्केटबोर्ड म्हणजे लाटांवर स्वार होणाऱ्या सर्फरांचा जमिनीवरचा विरंगुळा होता. फळीवर कंपनीचे नाव आणि फार तर एखादी रंगीत पट्टी असे. चाके मातीच्या मिश्रणाची, वाटेत खडा आला की अडकणारी. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला फ्रँक नॅसवर्दी याने युरेथेनची चाके बाजारात आणली. ही चाके रस्ता घट्ट धरून ठेवत, त्यामुळे उतार आणि वळणे आवाक्यात आली. पुढे १९७६-७७ मध्ये कॅलिफोर्नियात दुष्काळ पडला, घरोघरचे पोहण्याचे तलाव कोरडे झाले आणि त्यांच्या गोलाकार भिंतींवर मुले फळ्या घेऊन चढू लागली. काठावरून वर उडणाऱ्या खेळाडूंची छायाचित्रे मासिकांत येऊ लागली. त्या छायाचित्रांत फळीचा तळ वाचकाच्या थेट समोर येई.

सांता मोनिका आणि व्हेनिस यांच्या सीमेवरच्या पडक्या किनारी वस्तीला ‘डॉगटाउन’ म्हणत. तिथल्या झेफिर या सर्फबोर्डांच्या दुकानाचा संघ १९७५ मध्ये डेल मारच्या राष्ट्रीय स्पर्धेत गाजला. याच वर्तुळातला क्रेग स्टेसिक लेख लिहीत असे, छायाचित्रे काढत असे आणि भिंतीही रंगवत असे. त्याचा साथीदार वेस हम्पस्टन मित्रांच्या फळ्यांच्या तळावर हाताने चित्रे काढू लागला. पंख, क्रूस आणि वस्तीतल्या टोळ्यांच्या भिंतलेखनाची टोकदार अक्षरे एकत्र आणून त्याने घडवलेला डॉगटाउनचा क्रूस पुढे छापील फळ्यांवर आला. स्केटबोर्डच्या चित्रकलेची खरी सुरुवात इथे मानणे योग्य ठरते, कारण कंपनीच्या नावापलीकडचे काहीतरी, एका वस्तीची ओळख, फळीवर पहिल्यांदा उमटली ती इथेच.

१९७८ मध्ये जॉर्ज पॉवेल हा अभियंता आणि स्टेसी पेराल्टा हा झेफिर संघाचा खेळाडू यांनी पॉवेल पेराल्टा ही कंपनी उभी केली. तिचा चित्रकार व्हर्नन कोर्टलँड जॉन्सन. कवटी आणि हाडे हे स्केटबोर्डचे जवळजवळ अधिकृत चिन्ह झाले ते जॉन्सनमुळे. रे रॉड्रिग्ज याच्यासाठी त्याने कवटी आणि तलवार काढली, स्टीव्ह कॅबालेरोसाठी ड्रॅगन, माइक मॅकगिलसाठी कवटीभोवती वेटोळे घातलेला साप. टोनी हॉकच्या आडनावाचा अर्थ ससाणा. त्याच्या फळीवर चोच पुढे काढलेली पक्ष्याची कवटी आली. ‘रिपर’ या चित्रात एक सापळा पृष्ठभाग दोन्ही हातांनी फाडून बाहेर डोकावतो. बोटांची पेरे, दातांच्या मुळांशी असलेली सावली, कपाळाच्या हाडावरची सांधरेषा हे सारे जॉन्सन शरीरशास्त्राच्या पुस्तकातल्या आकृतीच्या शिस्तीने रेखाटतो. त्यामुळे विषय भयाचा असला तरी चित्र बटबटीत होत नाही. प्रत्येक फळी एका खेळाडूच्या नावाने निघे आणि विक्रीतला वाटा त्याला मिळे. साहजिकच चित्र हे त्या खेळाडूचे मानचिन्हच बनले आणि वर्षानुवर्षे तेच चालत राहिले.

या शैलीमागे छपाईचे तंत्र होते. मेपल लाकडाचे सात पातळ थर गोंद लावून साच्यात दाबले की फळी तयार होते. ती मधून खोलगट आणि शेपटाशी वर वळलेली असते. अशा वाकलेल्या लाकडावर स्क्रीन प्रिंटिंग हातानेच करावे लागे. प्रत्येक रंगाची स्क्रीन वेगळी. एक रंग वाळला की दुसरा. वळणावर रंग थोडाफार सरकणारच, म्हणून सपाट रंग आधी आणि जाड काळी रेषा शेवटी, जोड झाकण्यासाठी. ठळक बाह्यरेषा, मोजके झगझगीत रंग आणि लांबूनही ओळखू येणारी आकृती ही त्या काळच्या चित्रांची वैशिष्ट्ये कारागिराच्या अडचणींतून आलेली आहेत.

ही मर्यादा सर्वांत आनंदाने वापरली ती सांताक्रूझ कंपनीच्या जिम फिलिप्सने. तो सर्फिंगची व्यंगचित्रे आणि रॉक संगीताची पोस्टरे काढत आला होता. १९८५ मध्ये चाकांच्या जाहिरातीसाठी त्याने काढलेला ‘किंचाळणारा हात’ म्हणजे निळा, तुटलेला पंजा आणि तळव्यात उघडलेले तोंड. रॉब रॉस्कॉप या खेळाडूच्या फळ्यांवर त्याने नेमबाजीचे लक्ष्य घेतले आणि एकामागून एक आलेल्या फळ्यांत त्यातून एक राक्षस थोडाथोडा बाहेर येताना दाखवला. पुढे काय होणार हे पाहण्यासाठी मुले नव्या फळीची वाट पाहू लागली. याच सुमारास नील ब्लेंडर आणि मार्क गोन्झालेस यांच्यासारखे खेळाडू आपली चित्रे स्वतःच काढू लागले. त्यांच्या वेड्यावाकड्या, वहीच्या समासात काढल्यासारख्या रेषांनी पुढच्या पिढीला मोठा धीर दिला.

१९८० च्या दशकाच्या अखेरीस खेळ रॅम्पवरून रस्त्यावर, पायऱ्यांवर आणि कठड्यांवर आला. तळाला लावायच्या प्लास्टिकच्या पट्ट्या चित्र थोडेफार वाचवत, त्या खेळाडूंनी काढून टाकल्या. सुमारे १० इंच रुंद, नाना आकारांच्या फळ्या जाऊन १९९० च्या दशकात सुमारे ८ इंचांची, दोन्ही टोकांना सारखी गोल असलेली फळी रूढ झाली. ती काही आठवड्यांतच झिजू किंवा मोडू लागली. मग वर्षभर टिकणाऱ्या मानचिन्हाची गरज उरली नाही. स्टीव्ह रोको याची वर्ल्ड इंडस्ट्रीज ही कंपनी आणि तिचा चित्रकार मार्क मॅकी यांनी हे नेमके हेरले. थोड्या प्रती काढायच्या, लगेच नवे चित्र आणायचे. कार्टूनची, कंपन्यांच्या बोधचिन्हांची, खुद्द पॉवेलच्या कवट्यांची टवाळी करायची. रँडी कोल्विनची एक फळी तर काळ्या पिशवीत बंद करून विकली गेली. मॅकीच्या चित्रांत घरातल्या बंदुकीने होणाऱ्या मुलांच्या मृत्यूवरचे धारदार भाष्य सापडते. पण त्या काळातल्या बऱ्याच फळ्यांवर स्त्रियांची आणि वंशांची हीन टिंगलही आहे आणि बंडखोरीच्या नावाखाली तिची पाठराखण करता येत नाही.

या चित्रांवर वाढलेली मुले पुढे कलाविश्वात आली. शेपर्ड फेअरी याने १९८९ मध्ये प्रॉव्हिडन्सच्या कलाविद्यालयात शिकत असताना आंद्रे द जायंट या कुस्तीगिराचा चेहरा छापलेले स्टिकर स्केटबोर्ड खेळणाऱ्या मित्रांमध्ये वाटले. पुढे २००८ च्या निवडणुकीतले बराक ओबामांचे पोस्टर त्याच्याच हातचे. २००४ मध्ये ‘ब्यूटिफुल लूझर्स’ या प्रदर्शनात बॅरी मॅगी, मार्गारेट किलगॅलन, एड टेंपलटन अशा कलावंतांचे काम संग्रहालयाच्या भिंतींवर लागले. यांतला टेंपलटन हा व्यावसायिक स्केटबोर्डपटू आणि टॉय मशीन कंपनीचा संस्थापक.

तोवर कारखान्यांत हाताची स्क्रीन मागे पडली होती. प्लास्टिकच्या पातळ पडद्यावर आधीच छापलेले चित्र तापलेल्या रोलरने फळीवर उतरवण्याची पद्धत आली. कितीही रंग आणि छायाचित्रेही चालू लागली, खर्च उतरला. मात्र शाईचा जाड, बोटाला जाणवणारा थर गेला. २०१९ मध्ये सुप्रीम या न्यूयॉर्कच्या कंपनीच्या २४८ फळ्यांचा संच सदबीज् या लिलावगृहात ८ लाख डॉलरना विकला गेला. त्यांतल्या अनेक फळ्या नामवंत चित्रकारांच्या असल्या तरी या कलेचे मोजमाप त्यांवरून करू नये. या कलेचे उत्तम काम १९८० च्या दशकातल्या, दुकानातून थेट रस्त्यावर गेलेल्या फळ्यांवर झाले. त्यांतल्या बहुतेक झिजून नाहीशा झाल्या. उरलेल्यांची चित्रे पाहायची असतील, तर पॉवेल आणि वर्ल्ड या दोन्ही कंपन्यांत काम केलेला चित्रकार शॉन क्लायव्हर याने २००४ मध्ये संकलित केलेले ‘डिस्पोजेबल’ हे पुस्तक आधी उघडावे.