सिटीज: स्कायलाइन्स २

सिटीज: स्कायलाइन्स २ हा शहर उभारणी या प्रकारातील संगणकीय खेळ आहे. फिनलंडमधील टांपेरे येथील कोलोसल ऑर्डर या संस्थेने तो तयार केला आणि स्वीडनमधील पॅराडॉक्स इंटरॅक्टिव्ह या कंपनीने २४ ऑक्टोबर २०२३ रोजी विंडोज संगणकांसाठी तो प्रकाशित केला. २०१५ साली आलेल्या सिटीज: स्कायलाइन्स या खेळाचा हा उत्तरभाग होय. मोकळ्या जमिनीवर रस्ते आखणे, निवासी, व्यापारी व औद्योगिक विभाग ठरवणे, पाणी, वीज, शाळा, रुग्णालये आणि वाहतूक यांची सोय करणे व हे सारे करत असताना नगराची तिजोरी सांभाळणे, असे खेळाडूचे काम असते. खेळात प्रतिस्पर्धी नसतो आणि जिंकण्याचा ठरावीक क्षणही नसतो. प्रस्तुत लेखात खेळाच्या स्वरूपाबरोबरच खेळाडूंनी त्याच्याकडून काय अपेक्षिले होते आणि प्रत्यक्षात त्यांना काय आढळले, याची माहिती विशेष विस्ताराने दिली आहे.

पार्श्वभूमी

शहर उभारणीच्या खेळांची परंपरा १९८९ सालच्या सिमसिटी या खेळापासून सुरू होते. विल राइट यांनी रचलेला हा खेळ मॅक्सिस या अमेरिकी संस्थेने काढला होता. पुढे जवळजवळ दोन दशके या प्रकारात सिमसिटीचेच वर्चस्व राहिले. मार्च २०१३ मध्ये आलेल्या त्याच्या नव्या आवृत्तीने मात्र खेळाडूंची घोर निराशा केली. एकट्याने खेळतानाही इंटरनेटची जोडणी सतत असणे सक्तीचे होते. पहिल्याच आठवड्यात सर्व्हर कोलमडले आणि पैसे मोजलेल्या खेळाडूंना खेळ उघडताच येईना. शहरासाठी मिळणारी जागा अगदी तोकडी होती. याहून खोलवर लागलेली गोष्ट निराळीच होती. खेळातील प्रत्येक नागरिक स्वतंत्रपणे जगतो, असे खेळाडूंनी गृहीत धरले होते. बारकाईने पाहता असे आढळले, की संध्याकाळी कामावरून सुटलेला माणूस स्वतःच्या घरी न जाता वाटेत जे पहिले रिकामे घर लागेल त्यात शिरतो आणि सकाळी सर्वांत जवळच्या रिकाम्या नोकरीवर जातो. त्याला ना कायमचे घर होते, ना कायमचा पेशा. पडद्यावर जे दिसते त्यामागे खरोखर काही हिशेब चालतो काय, हा प्रश्न तेव्हापासून या प्रकारच्या खेळाडूंच्या मनात घर करून बसला.

या पोकळीत १० मार्च २०१५ रोजी सिटीज: स्कायलाइन्स आला. कोलोसल ऑर्डर ही २००९ साली स्थापन झालेली संस्था तोवर सिटीज इन मोशन या सार्वजनिक वाहतुकीवरील खेळांसाठी परिचित होती आणि तिच्यात तेव्हा जेमतेम तेरा माणसे होती. पहिल्याच महिन्यात खेळाच्या दहा लाख प्रती खपल्या. पुढे हा आकडा एक कोटीच्या वर गेला.

या यशात खेळाडूंचा स्वतःचा वाटा फार मोठा आहे. मूळ खेळात फेरबदल करणाऱ्या, हौशी लोकांनी रचलेल्या जोडण्यांना मॉड असे म्हणतात. कोलोसल ऑर्डरने मॉडना पहिल्या दिवसापासून दार उघडे ठेवले होते. स्टीम या ऑनलाइन दुकानाच्या वर्कशॉप विभागात हौशी कलावंतांनी घडवलेल्या इमारती, पूल, झाडे, आगगाड्या व बसगाड्या यांचा अक्षरशः ढीग जमला आणि तो बहुतेक विनामूल्य होता. रस्त्यावरील सर्व वाहने एकाच मार्गिकेत रांग लावून उभी राहतात, ही पहिल्या खेळाची प्रसिद्ध खोड होती. तिच्यावरचा उपायही खेळाडूंनीच मॉडच्या रूपाने शोधला. म्हणजे आठ वर्षांत जो खेळ लोकांच्या हाती आला होता, तो निर्मात्यांनी आणि खेळाडूंनी मिळून बांधलेला होता. उत्तरभागाची तुलना झाली ती या भरल्या घराशी, २०१५ च्या मूळ खेळाशी नव्हे. ही गोष्ट ध्यानात ठेवल्यावाचून पुढील वादाचा अर्थ लागत नाही.

उत्तरभागाची घोषणा व अपेक्षा

मार्च २०२३ मध्ये उत्तरभागाची घोषणा झाली. त्यानंतर प्रकाशनापर्यंत निर्मात्यांनी एकेक विषय घेऊन चित्रफिती व लेख प्रसिद्ध केले आणि त्यांतून अपेक्षा उंचावत गेल्या.

सर्वांत मोठी अपेक्षा विस्ताराची होती. पहिल्या खेळात नकाशाच्या पंचवीस चौकोनांपैकी आरंभी केवळ नऊ चौकोन विकत घेता येत. एका वेळी रस्त्यावर वावरू शकणाऱ्या माणसांची संख्या ६५,५३६ वर आणि वाहनांची १६,३८४ वर अडत असे. (गणिताच्या विद्यार्थ्यांना हे आकडे ओळखीचे वाटतील, ते दोनचे अनुक्रमे सोळावा व चौदावा घात आहेत.) या मर्यादेमुळे मोठ्या शहरात गर्दी एका टप्प्यापुढे वाढतच नसे आणि महानगर उभारणाऱ्याला शहर पोकळ वाटू लागे. नव्या खेळात ४४१ लहान चौकोनांचा, सुमारे १५९ चौरस किलोमीटरचा प्रदेश बांधकामास खुला असेल आणि माणसांच्या संख्येवर असे ठोस बंधन नसेल, असे सांगण्यात आले.

दुसरी अपेक्षा सिम्युलेशनची, म्हणजे वास्तवातील व्यवहाराच्या गणिती नकलेची होती. पहिल्या खेळात वाटसरू प्रामुख्याने वेगवान मार्ग निवडत. नव्या खेळातील नागरिक वेळ, खर्च, सोय व वर्तन अशा चार अंगांनी मार्गाचा विचार करणार होता. तरुण विद्यार्थी पैसे वाचवील, नोकरदार वेळ वाचवील, वृद्ध सोय पाहील, अशी ती योजना होती. कारखान्यांनी कच्चा माल कोठून आणायचा, पक्का माल कोणाला विकायचा, कुटुंबाने भाडे कसे भागवायचे, याचाही हिशेब खेळ करणार होता. सिमसिटीच्या अनुभवाने पोळलेल्या खेळाडूंना या आश्वासनाचे मोल फार वाटले. ऋतुचक्र, एकाच इमारतीत दुकान व घरे असलेले मिश्र विभाग आणि अल्प भाड्याची घरे यांचेही स्वागत झाले.

तिसरी अपेक्षा साधी होती. जुन्या खेळात विस्तारसंच विकत घेऊन किंवा मॉड जोडून ज्या गोष्टी मिळवाव्या लागत, त्या नव्या खेळात मुळातच असाव्यात, असे लोकांना वाटत होते. ती काही अंशी पुरी झाली. सायकलींसारख्या काही गोष्टी मात्र आल्या नाहीत. पहिल्या खेळात त्या २०१५ च्याच आफ्टर डार्क या विस्तारसंचात आल्या होत्या, त्यामुळे त्यांची उणीव युरोपातील खेळाडूंना विशेष जाणवली.

प्रकाशन व पहिले अनुभव

सप्टेंबर २०२३ च्या अखेरीस प्लेस्टेशन ५ व एक्सबॉक्स या यंत्रांवरील आवृत्ती पुढे ढकलल्याचे जाहीर झाले आणि त्याच वेळी संगणकासाठी लागणाऱ्या क्षमतेच्या अटीही वाढवण्यात आल्या. प्रकाशनाच्या आठवडाभर आधी, खेळाची कार्यक्षमता ठरवलेल्या पातळीस पोहोचलेली नाही, अशी कबुली कोलोसल ऑर्डरने दिली. तरीही तारीख बदलली नाही.

पहिल्या दिवसांतील अनुभव संमिश्र होते. रस्ते आखण्याच्या साधनांची जवळपास सर्वांनी वाखाणणी केली. वर्तुळाकार चौक एका झटक्यात बसवता येतो, समांतर रस्ते एकदम ओढता येतात, चौकोनी जाळे एकाच हालचालीत टाकता येते; पाण्याच्या नळांसाठी व विजेच्या तारांसाठी प्रत्येक गल्लीत वेगळी खटपट करावी लागत नाही, कारण त्या रस्त्याबरोबरच येतात. ज्यांनी जुना खेळ खेळला आहे त्यांना या सुधारणांची किंमत सांगावी लागत नाही. गावाचे शहर होत जाताना लाभणारी भव्यताही अनेकांना भावली.

तक्रार झाली ती गतीची. उत्तम दर्जाच्या संगणकांवरही चित्र अडखळत पुढे सरके. खेळाडूंनी याचा शोध घेतला तेव्हा एक विलक्षण तपशील उजेडात आला. खेळातील प्रत्येक नागरिकाच्या तोंडात बारकाईने घडवलेले दात होते आणि कॅमेरा आकाशात असला तरी संगणक त्या दातांसह सारा तपशील रेखाटण्याचा खटाटोप करत होता. एरवी अशा खेळांत वस्तू दूर गेली की तिची सोपी, ढोबळ प्रतिकृती वापरली जाते; येथे अनेक वस्तूंसाठी ती तयारच नव्हती. दातांची ही गोष्ट थट्टेचा विषय झाली खरी, पण तिच्यामुळे दुखण्याचे नेमके कारण सामान्य खेळाडूलाही समजले. निर्मात्यांनी पुढील महिन्यांत या बाबतीत बरीच सुधारणा केली. लोकसंख्या लाखाच्या पुढे गेली की शहराचे घड्याळच मंदावणे, हा दोष मात्र दीर्घकाळ टिकून राहिला.

सिम्युलेशनविषयीचा आक्षेप

चित्र अडखळणे ही दुरुस्त होणारी गोष्ट होती. जाणत्या खेळाडूंचा खरा आक्षेप हिशेबाविषयी होता. शहर कसेही चालवले तरी ते बुडत नाही, असे त्यांच्या लक्षात आले; कारण तिजोरी रिकामी होऊ लागली की सरकारी अनुदान तूट भरून काढत असे. घराघरांवर भाडे परवडत नसल्याची खूण दिसे, पण त्यावर खेळाडूने नेमके काय करावे याचा उलगडा होत नसे. जमिनीचे मूल्य रस्त्यांच्या कडेने वाढतच जाई. मालाची आयात-निर्यात पडद्यावर दिसे, तरी एखादा कारखाना बंद केल्याने फारसे काही बिघडत नसे.

या प्रकारच्या खेळाचा सारा आनंद कार्यकारणभावात आहे. बसमार्ग बदलला म्हणून चौकातली कोंडी सुटली, शाळा काढली म्हणून दहा वर्षांनी कारखान्याला कुशल कामगार मिळाला, असे खेळाडूला स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचे असते. निर्णय चुकला तर शहराने त्याची किंमत मोजावी, हेही त्यात आलेच. नव्या खेळात गणित जुन्यापेक्षा पुष्कळ अधिक होते, यात शंका नाही. पण ते खेळाडूला दिसत नव्हते आणि जेथे दिसे तेथे अनुदानाच्या उशीने त्याची धार बोथट केलेली होती. परिणामी जुन्या सिमसिटीविषयीचा संशय नव्या खेळाच्याही वाट्याला आला. प्रस्तुत लेखकाच्या मते ही टीका गतीविषयीच्या टीकेपेक्षा अधिक न्याय्य होती.

जून २०२४ मध्ये निर्मात्यांनी अर्थव्यवस्थेची पुनर्रचना करणारे मोठे अद्यतन दिले. त्यात सरकारी अनुदान काढून टाकण्यात आले आणि भाड्याची आकारणी बदलली. पहिल्यांदाच अनेकांची शहरे कर्जबाजारी झाली. त्याबद्दल कुरकुर करणारे होते, तसे समाधान मानणारेही पुष्कळ होते.

मॉडचा प्रश्न

उत्तरभागात मॉडसाठी स्टीम वर्कशॉपऐवजी पॅराडॉक्सचे स्वतःचे व्यासपीठ वापरायचे ठरले. गृहयंत्रांवर खेळणाऱ्यांनाही मॉडचा लाभ व्हावा, हे त्यामागचे कारण रास्त होते. परंतु प्रकाशनाच्या वेळी हे व्यासपीठ व त्याची साधने सिद्ध नव्हती. काही महिने हौशी रचनाकारांनी अनधिकृत वाटांनी काम चालवले. मार्च २०२४ मध्ये अधिकृत सोय चाचणी स्वरूपात सुरू झाली, तीही मुख्यतः संगणकीय आज्ञावलीच्या मॉडसाठी. स्वतः घडवलेली इमारत खेळात आणण्याची सोय त्यानंतरही दीर्घकाळ रखडली. पहिल्या खेळाचे वैभव ज्यांनी उभे केले त्यांनाच दुसऱ्या खेळाच्या दाराशी ताटकळत ठेवले गेले, अशी भावना त्यामुळे पसरली.

बीच प्रॉपर्टीज प्रकरण

२५ मार्च २०२४ रोजी बीच प्रॉपर्टीज हा पहिला सशुल्क संच विक्रीस आला. मूळ खेळाची डागडुजी अपुरी असताना जादा पैसे मागितल्याचा राग होताच; त्यात संचामध्ये किनाऱ्यालगतची घरे आणि ताडासारखी झाडे होती, प्रत्यक्ष समुद्रकिनारा घडवण्याचे साधन नव्हते. स्टीमवरील अभिप्राय जवळजवळ सर्वच प्रतिकूल आले. १५ एप्रिल रोजी कोलोसल ऑर्डरच्या प्रमुख मारीना हालिकाइनेन आणि पॅराडॉक्सचे उपप्रमुख मातियास लिल्या यांनी संयुक्त पत्राद्वारे क्षमा मागितली. संच सर्वांना विनामूल्य करण्यात आला, पैसे परत देण्याची व्यवस्था झाली आणि पुढील सशुल्क संच लांबणीवर टाकून मूळ खेळाकडे लक्ष देण्याचे ठरले. खेळांच्या व्यवसायात इतकी स्पष्ट माघार क्वचितच घेतली जाते.

पुढील वाटचाल

यानंतर फ्रान्स, जर्मनी, ब्रिटन, जपान, चीन, पूर्व युरोप आणि अमेरिकेचे दोन भाग यांच्या वास्तुशैलींचे आठ संच विनामूल्य मिळत गेले. त्यांतील कित्येक इमारती पहिल्या खेळाच्या हौशी मॉडकारांनीच रचलेल्या होत्या. या आठांत भारतीय नगराचा संच नाही. वाहने डावीकडून चालवण्याची सोय मात्र असल्याने आपल्याकडील रस्त्यांची नक्कल काही प्रमाणात करता येते.

मूळ योजनेनुसार २०२४ मध्ये यावयाचा ब्रिजेस अँड पोर्ट्स हा विस्तारसंच अखेर ऑक्टोबर २०२५ मध्ये आला. पुढच्याच महिन्यात पॅराडॉक्स व कोलोसल ऑर्डर यांनी पंधराएक वर्षांची भागीदारी संपवत असल्याचे जाहीर केले. २०२६ च्या आरंभापासून या खेळाचा विकास टांपेरे येथीलच आइसफ्लेक स्टुडिओजकडे सोपवण्याचे ठरले. ही संस्था पॅराडॉक्सच्या मालकीची असून सर्व्हायव्हिंग द आफ्टरमॅथ हा खेळ तिने केला आहे. निरोपापूर्वीच्या कोलोसल ऑर्डरच्या कामांमध्ये दोन गोष्टींचा उल्लेख होता: सायकली, आणि स्वतःच्या इमारती खेळात आणण्याच्या साधनाची चाचणी आवृत्ती.