वाट दाखवणारा

गेल्या डिसेंबरात माझ्या पुतण्याचा गुलमर्गहून फोन आला. पायांना स्की बांधून, वाटाड्याच्या मागोमाग त्याने बर्फाने भरलेली एक दरी पार केली होती. "काका, दिवसभर बर्फ आणि आम्ही चौघे. वाटाड्या नसता तर संध्याकाळी परत आलोच नसतो," तो म्हणाला.

फोन ठेवला आणि मनात आले, आपल्या वऱ्हाडात बर्फ कुठला? उन्हाळ्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांवर जातो! पण डोंगर आपल्याकडे आहे, दरी आहे, शांतता आहे आणि वाटाड्याही आहे. मग शाळेतले दोन जुने सहकारी सोबत घेतले आणि अमरावतीहून परतवाड्याच्या रस्त्याने चिखलदरा गाठला.

भीमाने कीचकाला मारून ज्या दरीत फेकले ती कीचकदरा, आणि त्यावरून चिखलदरा, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. दुसरी गोष्ट पुस्तकांत असते. कॅप्टन रॉबिन्सन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १८२३ साली चिखलदरा 'शोधून काढला'. त्याच्या कितीतरी आधीपासून या डोंगरात कोरकू लोक राहत होते. त्यांची भाषा ना मराठीच्या घरची, ना गोंडीच्या. तिचे सगेसोयरे दूर झारखंडाकडे, मुंडारी आणि संथाळीत सापडतात.

आमचा वाटाड्या कोरकूच होता. वय पन्नाशीचे, बोलणे कमी. पहाटे निघालो तेव्हा गवतावर दव होते आणि दरीत धुके भरले होते. तो चालता चालता थांबे आणि आम्हाला हाताने थांबवी. एकदा वानरांचा खाकरल्यासारखा आवाज आला. तो हळूच म्हणाला, "बिबट असंन." बिबट्या काही दिसला नाही, पण पुढची दहा मिनिटे आम्ही तिघेही जन्मात चाललो नसू इतक्या शांतपणे चाललो.

गाविलगडावर पोचल्यावर माझ्यातला इतिहासाचा मास्तर जागा झाला. शार्दूल दरवाजावरची शिल्पे दाखवली, तलाव दाखवले, बहमनी आणि इमादशाही सांगितली. मग आलो १८०३ वर.

ती हकीकत थोडक्यात अशी. २९ नोव्हेंबर १८०३ रोजी आपल्या अकोला जिल्ह्यातल्या अडगावला नागपूरकर भोसल्यांच्या फौजेचा पराभव झाला. इंग्रजांचा सेनापती होता आर्थर वेलस्ली. पुढे १८१५ साली वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा ड्यूक ऑफ वेलिंग्टन तो हाच. आता त्याला भोसल्यांचा गाविलगड हवा होता. दक्षिणेची, म्हणजे आपल्या मैदानाकडची बाजू खडी. तिथून तोफांचा उपयोग होईना. गडाला धोका होता तो उत्तरेकडून, जिथे डोंगराची एक सोंड त्याला येऊन मिळते. म्हणून ७ डिसेंबरला अचलपुराहून कर्नल स्टीव्हन्सनची तुकडी धामणगावच्या बाजूने डोंगरात शिरली. सुमारे तीस मैलांचा वळसा होता आणि रस्ता नव्हता. शिपायांनी झाडे तोडून रस्ता केला आणि अवजड तोफा बऱ्याच ठिकाणी हातांनी ओढून दऱ्यांतून पार नेल्या. १२ तारखेला ते गडाच्या उत्तरेला पोचले, तटाला खिंडार पडले आणि १५ डिसेंबरला गड पडला. किल्लेदार बेनीसिंग लढताना मारला गेला. दोनच दिवसांनी देवगावचा तह झाला. त्या तहात वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख भोसल्यांच्या हातून गेला. पण ज्याच्यासाठी एवढे रक्त सांडले तो गाविलगड मात्र त्यांच्याकडेच ठेवला गेला.

मी थांबलो. वाटाड्या तटाला टेकून ऐकत होता. त्याने उत्तरेच्या जंगलाकडे पाहिले आणि विचारले, "गुर्जी, तोफा इकडून आनल्या म्हनता. पन त्याह्यले वाट कोनं दाखोली?"

मंडळी, तीस वर्षे मी हा धडा शिकवला. फळ्यावर नकाशा काढला, बाण काढले, सनावळ्या पाठ करून घेतल्या. पण हा प्रश्न ना कुणा विद्यार्थ्याने विचारला, ना माझ्या मनात आला. नकाशावरचा बाण आपोआप पुढे सरकतो. डोंगरात तसे होत नाही. पाणी कुठे आहे, कुठल्या नाळेतून बैल उतरेल, कुठे कडा लागेल, हे तिथे राहणाऱ्यालाच ठाऊक असते. मी वेलस्लीचे नाव शिकवले, स्टीव्हन्सनचे शिकवले, बेनीसिंगचेही शिकवले. तोफा ओढणाऱ्या मद्रासी शिपायांबद्दल एक ओळही सांगितली नाही. आणि ज्यांच्या डोंगरातून त्या गेल्या, त्यांना तर धड्यात जागाच नव्हती.

"सांगता येत नाही," मी म्हणालो. तो हसला. "राजीखुशीनं दाखोली असंन असं नाही, गुर्जी. बंदुकीवाल्याले नाही कोन म्हनते?"

त्या एका वाक्यात माझ्या साऱ्या धड्यापेक्षा जास्त इतिहास होता. वाटाड्या म्हटला की आपल्याला सुट्टीतली मौज आठवते. पण ज्याला वाट माहीत असते, त्याच्या दारात कधी पाहुणा येतो आणि कधी फौज येते.

उतरताना मी त्याच्याशेजारी चाललो. प्रत्येक ओढ्याचे, प्रत्येक टेकडीचे कोरकू नाव विचारले आणि वहीत लिहून घेतले. माझा उच्चार ऐकून तो दोनदा पोटभर हसला. त्याचा मुलगा अमरावतीला कॉलेजात शिकतो. "त्याले यातली अर्धी नावं बी येत नाही," तो म्हणाला. तेव्हा हसणे थांबले होते.

गाविलगडला जाल तेव्हा तट आणि तोफा जरूर बघा. पण सोबत तिथलाच वाटाड्या घ्या, त्याला योग्य तो मोबदला द्या आणि गडाची माहिती त्याला सांगण्याआधी थोडे त्याचे ऐका. मी ते तीस वर्षे उशिरा केले.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)