क्रीडांगणावरील पंक्तिभेद

पालवणकर बाळू यांनीं १९११ सालच्या इंग्लंडच्या दौऱ्यांत शंभरांहून अधिक गडी बाद केले. परंतु चांभार जातीच्या याच गोलंदाजास पुण्यास हिंदूंच्या संघांतून खेळतांना मंडपाबाहेर, मातीच्या निराळ्या भांड्यांतून चहा मिळे. चेंडूस विटाळ नव्हता, पेल्यास होता! कर्णधारपद तर त्यांस रीतसर कधींच लाभलें नाहीं. अशा अन्यायाविरुद्ध दाद मागण्यास तेव्हां कायदाच नव्हता; म्हणून १९२० सालीं त्यांचे बंधु विठ्ठल व शिवराम निषेधार्थ संघांतून बाहेर पडले. १९२३ सालीं विठ्ठल कर्णधार झाले. राज्यघटनेनें १९५० सालीं अस्पृश्यता नष्ट केली. उपाहारगृहांतील भांड्यांचा भेद १९५५ सालीं दंडनीय ठरला, आणि त्याच वर्षीं बाळू निवर्तले. कायद्यानें उशिरा दिलेला न्याय त्या बंधूंनीं स्वतःच्या खेळाची किंमत देऊन आधींच मागितला होता, असें आम्हांस वाटतें.