पाणी सोडून गेलेला दगड

शिंपला, चुनखडी आणि संगमरवर यांचे रूप निराळे असले, तरी कूळ एकच. रसायनशास्त्र त्या कुळाला कॅल्शियम कार्बोनेट म्हणते. याच कुळात एक वंशज असा आहे, की त्याच्या वजनातले निम्म्याहून थोडे अधिक पाणीच असते. कार्बोनेटच्या एका भागामागे पाण्याचे सहा रेणू, असे त्याचे प्रमाण. फ्रेंच रसायनज्ञ पेलूझ यांनी १८६५ साली तो प्रयोगशाळेत तयार केला. परंतु निसर्गात तो हाती लागण्यास जवळजवळ शंभर वर्षे जावी लागली.

वास्तविक त्याची पावले विद्वानांना पूर्वीच दिसली होती. अमेरिकन भूवैज्ञानिक जेम्स डेना यांनी १८४९ साली ऑस्ट्रेलियातील हंटर खोऱ्यातल्या काही चमत्कारिक स्फटिकांचे वर्णन केले. पुढे ग्लेंडन या ठिकाणावरून त्यांना ग्लेंडोनाइट हे नाव पडले. नेव्हाडातील आटलेल्या सरोवरांच्या काठी असेच स्फटिक मिळाले, आणि १८८४ साली डेना यांचे पुत्र एडवर्ड यांनी त्यांचा कसून अभ्यास केला. फोडून पाहावे तो आत साधे कॅल्साइट. पण बाहेरचा आकार कॅल्साइटचा नव्हे! म्हणजे मूळचे कोणते तरी खनिज नाहीसे झाले होते आणि त्याच्या साच्यात दुसरेच येऊन बसले होते. ते मूळ खनिज कोणते? कोणी ग्लॉबेराइट म्हटले, कोणी गेलुसाइट. वाद चालूच राहिला.

उत्तर मिळाले ते ग्रीनलंडच्या नैर्ऋत्येला, इक्का नावाच्या खाडीत. तेथे समुद्रतळातून कार्बोनेटयुक्त अल्कधर्मी झरे वर येतात. समुद्राच्या पाण्यातील कॅल्शियमशी त्यांची गाठ पडते आणि थंडगार पाण्यात पांढरे स्तंभ उभे राहतात. काही तर १८ मीटरपर्यंत उंच! डॅनिश खनिजशास्त्रज्ञ हान्स पाउली यांनी ते तपासले आणि १९६३ साली 'इकाइट' हे नवे खनिज जगापुढे ठेवले. ते इतके दिवस का लपून राहिले, याचेही कारण तेथेच कळले. नमुना पाण्याबाहेर आणून उबेत ठेवला, की काही वेळातच तो कोसळतो आणि उरतो पाण्यात कालवलेला पांढरा गाळ.

असे का व्हावे? कॅल्साइटमध्ये प्रत्येक कार्बोनेट सहा कॅल्शियमांशी जखडलेले असते. सारी वीण घट्ट. १९७० साली डिकन्स आणि ब्राउन यांनी इकाइटची स्फटिकरचना उलगडली, तेव्हा निराळेच चित्र दिसले. येथे एका कॅल्शियमची जोडी एकाच कार्बोनेटशी, आणि अशा प्रत्येक जोडीभोवती पाण्याच्या रेणूंचे कडे. जोड्या एकमेकींना भिडतच नाहीत. पाण्याच्या दुबळ्या बंधांवर सारा डोलारा उभा. ऊब लागली की पाणी निसटते. उरलेले कॅल्साइट मूळ घनफळाच्या जेमतेम तिसऱ्या हिश्शाएवढे असते, म्हणून साचा सच्छिद्र राहतो. मार्लंड यांनी १९७५ साली दाखविले, की खरे स्थैर्य इकाइटला हजारो वातावरणांच्या दाबाखालीच लाभते. साध्या दाबात थंडी त्याचे आयुष्य वाढविते, एवढेच.

१९८२ साली अंटार्क्टिकाजवळच्या समुद्रगाळात जिवंत इकाइट सापडले, आणि ग्लेंडोनाइटचा पूर्वज हाच, हे पटले. तेव्हापासून जेथे ग्लेंडोनाइट, तेथे एके काळी कडाक्याची थंडी, असा दंडकच पडला. दगड हाच तापमापक झाला!

परंतु शास्त्रात कोणताही दंडक कायमचा नसतो. २०२० साली प्रयोगशाळेत ३५ अंश सेल्सिअसलाही इकाइटचे स्फटिक अवतरले. तेव्हा जन्मणे एक आणि टिकणे दुसरे, हा भेद ध्यानी घ्यावा लागतो. भूतकाळातील हवामानाची साक्ष देणारा हा दगड खोटा नाही. मात्र त्याची उलटतपासणी आता अधिक काळजीने घ्यावयास हवी. दोन्ही डेनांच्या हाती केवळ आकार होता. त्या आकाराने जो प्रश्न विचारला, तो सोडवितानाच इतकी रसायनविद्या उलगडली, हे विसरून चालणार नाही.