लहान टाकीचा फिल्टर: ताशी लिटरांच्या हिशेबाचं खंडन

दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. आपल्याकडच्या घरांत दिसणारी फिश टँक बहुतेक याच मापाची, नाहीतर याहून लहान असते. अशा टाकीसाठी फिल्टर घ्यायला कुर्ल्याला किंवा क्रॉफर्ड मार्केटात गेलं, की निवड एका आकड्यावर येऊन ठेपते. खोक्यावर ताशी किती लिटर छापलेत? ३०० पेक्षा ६०० चांगला, ६०० पेक्षा ८०० चांगला. अनुभवी शौकीनही हाच नियम सांगतात: टाकीत जेवढं पाणी, त्याच्या निदान आठ-दहा पट पाणी तासाभरात फिल्टरमधून गेलं पाहिजे. हवेच्या पंपावर चालणारा साधा स्पंज फिल्टर मग मागे पडतो. तो पिल्लांच्या टाकीसाठी किंवा ज्याला महागडा परवडत नाही त्याच्यासाठी, अशी समजूत रुळली आहे. ही समजूत चुकीची आहे असं माझं ठाम मत आहे. गोड्या पाण्याच्या लहान टाकीत प्रवाहाच्या वेगावरून फिल्टरची योग्यता ठरत नाही, आणि बहुतेक घरांसाठी पहिली निवड स्पंज फिल्टरच असायला हवी.

पूर्वपक्षाला त्याचं पूर्ण बळ दिलं पाहिजे, कारण तो निराधार नाही. वेगवान पाणी विष्ठा, उरलेलं खाद्य, कुजकी पानं ओढून नेतं आणि टाकी लख्ख दिसते, हे कोणीही डोळ्यांनी पाहू शकतो. पाणी जितक्या वेळा फिल्टरमधून जाईल तितक्या वेळा ते शुद्ध होईल, हेही ऐकायला तर्कशुद्ध वाटतं. शिवाय जोरदार प्रवाहानं पृष्ठभाग हलतो आणि पाण्यात प्राणवायू मिसळतो. प्रवाळांच्या खाऱ्या पाण्याच्या टाक्यांत तर प्रवाह हीच जीवनाची अट असते, कारण एका जागी खिळलेल्या प्रवाळापर्यंत अन्न आणि प्राणवायू पाण्यानंच पोचवायचा असतो. मोठ्या टाक्यांच्या आणि समुद्री टाक्यांच्या अनुभवातला हा नियम पन्नास लिटरच्या टाकीवर तसाच लादला जातो, माझी हरकत तिथे आहे.

फिल्टरनं नेमकं करायचं काय, हा प्रश्न आधी सोडवू. माशाच्या शरीरात प्रथिनं मोडली की अमोनिया तयार होतो आणि त्यातला बहुतेक भाग कल्ल्यांवाटे पाण्यात उतरतो. अमोनियाला रंग नाही. अमोनियानं भरलेलं पाणी आरशासारखं नितळ असू शकतं आणि त्यात मासे मरू शकतात. म्हणजे टाकीतला खरा शत्रू जाळीत अडकणारा नाही. विरघळलेला अमोनिया कोणतीही गाळणी गाळू शकत नाही. त्याचं रूपांतर करावं लागतं, आणि ते रूपांतर जिवंत सूक्ष्मजीव करतात.

हे ज्ञान कसं हाती आलं त्याचा इतिहास मला फार मोलाचा वाटतो. रॉबर्ट वॉरिंग्टन या लंडनच्या रसायनज्ञानं १८५० मध्ये तिथल्या केमिकल सोसायटीपुढे एक निरीक्षण मांडलं. काचेच्या टाकीत गोल्डफिश, व्हॅलिसनेरिया ही पाणवनस्पती आणि कुजकी पानं खाणाऱ्या गोगलगायी एकत्र ठेवल्या, तर पाणी न बदलताही ते जग तग धरतं. घरगुती मत्स्यपालनाचा आधुनिक इतिहास इथून सुरू होतो असं म्हणता येईल. वॉरिंग्टननं या समतोलाचा उलगडा वनस्पतींच्या प्राणवायूवरून केला. अमोनियाचं काय होतं, हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हतं. मग १८७७ मध्ये फ्रान्समध्ये श्लोसिंग आणि म्युंट्झ यांनी वाळू भरलेल्या नळीतून सांडपाणी अगदी संथपणे झिरपू दिलं. सुमारे वीस दिवस काही घडलं नाही, आणि नंतर अमोनियाच्या जागी नायट्रेट दिसू लागलं. क्लोरोफॉर्मची वाफ सोडल्यावर क्रिया थांबली, म्हणजे काम करणारा कोणी जीव होता. हा धागा इंग्लंडमध्ये रोथॅमस्टेडच्या शेतीसंशोधन केंद्रात ज्यानं पुढे नेला आणि ही क्रिया दोन टप्प्यांत, वेगवेगळ्या जीवांकडून होते असं दाखवलं, त्याचंही नाव रॉबर्ट वॉरिंग्टन. तो आधीच्या वॉरिंग्टनचाच मुलगा. वडिलांच्या टाकीतला न सुटलेला अर्धा भाग मुलानं शेतातल्या मातीत सोडवला. १८९० च्या सुमारास विनोग्राडस्कीनं झुरिचमध्ये हे जीव वेगळे करून वाढवून दाखवले.

अमोनियाचं नायट्राइट, नायट्राइटचं नायट्रेट, हा क्रम आता शालेय पुस्तकांतही असतो. पण टाकीच्या फिल्टरमध्ये हे काम प्रत्यक्षात कोण करतं, याचं उत्तर गेल्या पंचवीस-तीस वर्षांत बदलत गेलं आहे. १९९८ मध्ये टिमोथी होव्हॅनेक आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की गोड्या पाण्याच्या टाकीत दुसरा टप्पा पुस्तकी नायट्रोबॅक्टर पार पाडत नाही, नायट्रोस्पायरा पार पाडतो. २०११ मध्ये कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठाच्या संशोधकांना बहुतेक गोड्या पाण्याच्या फिल्टरांत पहिल्या टप्प्यासाठी जिवाणूंपेक्षा आर्किया या प्राचीन गटातले जीव अधिक आढळले. २०१५ मध्ये तर दोन्ही टप्पे एकटाच करणारे नायट्रोस्पायरा सापडले, आणि त्यांतला एक शोध मत्स्यपालनाच्या फिल्टरमधल्याच थरातून लागला. यातल्या कित्येक जीवांचं बळ अगदी विरळ अमोनियावर जगण्यात आहे. त्यांना बसायला ओला, खडबडीत पृष्ठभाग लागतो, प्राणवायू लागतो आणि स्वस्थता लागते. पाण्याच्या झोताची त्यांना गरज नाही.

आता हिशेब. दोन बाय एक बाय एकच्या टाकीत रेती आणि वरची मोकळी जागा वजा जाता साधारण ४५ लिटर पाणी मावतं. रोज एक ग्रॅम खाद्य घातलं असं धरू. डझनभर गप्पींना हे फार जास्त आहे, पण हिशेब पूर्वपक्षाच्या बाजूनं झुकता असू द्या. खाद्यात ४० टक्के प्रथिनं असली, तर त्यातून दिवसाला सुमारे ३५ मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजन पाण्यात येतो, म्हणजे तासाला दीड मिलिग्रॅमच्या आत. स्पंज फिल्टरमधून तासाला टाकीच्या दुप्पट, ९० लिटर पाणी जातं आणि प्रत्येक फेरीत निम्मा अमोनिया खपतो असं धरलं, तर टाकीतला अमोनिया लिटरला ०.०३ मिलिग्रॅमच्या आसपास स्थिर राहतो. फेरीत निम्म्याऐवजी फक्त एक दशांश खपला, तरी तो ०.१६ च्या पुढे जात नाही, आणि सामू ७.५ असताना त्यातला खरा विषारी अंश दोन टक्क्यांच्या आत असतो. माशाला त्यानं धोका नाही. वेग पाचपट केला तर हा आकडा आणखी खाली येईलही, पण जे आधीच निरुपद्रवी आहे ते आणखी निरुपद्रवी करून माशाच्या पदरात काय पडतं? शिवाय पाणी पाचपट वेगानं गेलं की स्पंजाशी त्याचा सहवासही तेवढा कमी होतो.

प्राणवायूचा मुद्दा याच हिशेबात निकालात निघतो. एक ग्रॅम अमोनिया-नायट्रोजनचं नायट्रेट व्हायला सुमारे साडेचार ग्रॅम प्राणवायू लागतो, म्हणजे आपल्या टाकीला दिवसाला १६० मिलिग्रॅम. ताशी ९० लिटर पाणी, लिटरमागे निदान ६ मिलिग्रॅम प्राणवायू: दिवसभरात स्पंजातून जवळजवळ १३ ग्रॅम प्राणवायू वाहून जातो. गरजेच्या ऐंशी पट! माशांना स्वतःला लागणारा प्राणवायू पाण्याच्या पृष्ठभागातून येतो, आणि स्पंज फिल्टरचे बुडबुडे वर फुटताना तोच पृष्ठभाग सतत ढवळत असतात. तळाशी चिकटवलेला पॉवर फिल्टर आडवा झोत मारतो, पण त्याचं तोंड खोल असलं तर वरचं पाणी हलतही नाही.

खोक्यावरचा आकडाही जसाच्या तसा खरा धरू नये. तो सहसा स्पंज न घालता, पाणी वर चढवायला न लावता मोजलेला असतो. चार दिवसांत स्पंज भरला की तो आणखी उतरतो.

राहिला मैल्याचा मुद्दा. वेगवान फिल्टर मैला ओढतो हे खरं, पण ओढून ठेवतो कुठे? स्पंजात अडकलेली विष्ठा त्याच वाहत्या पाण्यात कुजत राहते आणि तिचा अमोनिया पुन्हा टाकीतच येतो. मैला डोळ्यांआड गेला, पाण्याबाहेर गेला नाही. तो बाहेर जातो फक्त आपल्या हातानं: नळी लावून तळाचा गाळ उपसताना आणि स्पंज पिळताना. नायट्रेट तर कोणताच नेहमीचा फिल्टर काढत नाही. ते पाणी बदलून जातं, किंवा वनस्पती शोषून घेतात. दर आठवड्याला पाव ते एक तृतीयांश पाणी बदलणं हे फिल्टरच्या किमतीवर अवलंबून नाही. त्याचं आणखी एक कारण आहे: अमोनियाचं रूपांतर होताना पाण्याची क्षारता खर्च होते. तलावाच्या मृदू पाण्यावर, मुंबईसारख्या ठिकाणी, महिनोन्‌महिने पाणी बदललं नाही तर सामू घसरतो आणि सूक्ष्मजीवांचं काम मंदावतं. पठारावरच्या बोअरवेलच्या जड पाण्यात उलटा धोका. सामू ७ असताना अमोनियाचा विषारी अंश अर्ध्या-पाऊण टक्क्याचा असतो, तो सामू ८ ला पाच टक्क्यांवर जातो. फिल्टर निवडण्याआधी नळाचं पाणी ओळखणं जास्त गरजेचं आहे.

आणि ज्यांच्यासाठी हे सगळं चाललंय त्या माशांचं काय? लहान टाक्यांत आपण ठेवतो फायटर, गप्पी, मॉली, गुरामी. फायटरचे रानातले भाईबंद थायलंडच्या भातखाचरांत, साचलेल्या पाण्यात राहतात आणि पृष्ठभागावर येऊन थेट हवा घेतात. त्यात माणसानं निवडीनं वाढवलेले लांब झुलते पर. अशा माशाला ताशी ६०० लिटरच्या झोतात सोडलं की तो दिवसभर पोहत राहतो, कोपऱ्यात वनस्पतीमागे दबून बसतो, पर फाटतात. मालक म्हणतो, मासा सुस्त आहे. हे पाहवत नाही, आणि हे टाळणं अगदी सोपं आहे. प्रवाह हवा असलेले मासे आहेतच. आपल्या पश्चिम घाटातल्या ओढ्यांचा लाल पट्ट्याचा बार्ब, ज्याच्या प्रजातीला २०१३ मध्ये सह्याद्रिया हे नाव मिळालं, तो त्यांपैकी एक. पण तो पंधरा सेंटिमीटरपर्यंत वाढतो आणि थव्यानं राहतो. त्याला दोन फुटांच्या टाकीत ठेवूच नये.

कार्बनच्या पुड्यांबद्दल थोडक्यात. कार्बन रंग, वास, औषधांचे अवशेष शोषतो. अमोनिया जवळजवळ नाही. तो भरून गेला की निरुपयोगी होतो. दर महिन्याला काडतूस बदला असं सांगणारे फिल्टर तर महिन्याभरात जमलेली सूक्ष्मजीवांची वस्तीच कचऱ्यात टाकायला लावतात. स्पंज मात्र वर्षानुवर्षं चालतो. तो नळाखाली धुवायचा नाही, कारण पिण्याच्या पाण्यात लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन असावं असं आपल्याकडचं मानकच आहे आणि क्लोरीन याच जीवांना मारतं. टाकीतून उपसलेल्या पाण्यात दोन-तीनदा पिळला की झालं.

वीज जाणाऱ्या गावांसाठी स्पंजाच्या बाजूचा सर्वांत मोठा युक्तिवाद अजून बाकी आहे. कॅनिस्टरसारखा बंद डबा थांबला की आतला प्राणवायू काही तासांत संपतो, वस्ती गुदमरते, आणि वीज आल्यावर ते सडकं पाणी टाकीत येतं. स्पंज टाकीतच उघडा असतो. हवेचा पंप दोन-चार वॅटवर चालतो, त्यामुळे पॉवर बँकवर चालणारा छोटा पंपही रात्र काढतो. एक काळजी मात्र घ्यायची: पंप पाण्याच्या पातळीच्या वर ठेवायचा किंवा नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवायचा, नाहीतर वीज गेल्यावर पाणी नळीतून उलटं येऊन पंपात शिरतं.

स्पंज फिल्टरचे दोष मी नाकारत नाही. तो टाकीतली जागा खातो, दिसायला देखणा नाही, आणि स्वस्त पंपाची घरघर रात्री ऐकू येते. पाण्यात तरंगणारे बारीक कण तो पॉवर फिल्टरइतक्या झटपट धरत नाही. गोल्डफिश, कासव किंवा मोठे सिक्लिड पाळणाऱ्यानं मोठी टाकी आणि मोठा फिल्टर घ्यावा, तिथे माझा वाद नाही. पॉवर फिल्टर आधीच घरात असेल तर तो फेकायचीही गरज नाही. झोत काचेकडे वळवा, वेग कमी करा, आणि त्याच्या तोंडाशी जाड स्पंज लावा.

नव्या टाकीत घाई करू नका. हे जीव फार सावकाश वाढतात. कोऱ्या फिल्टरला तयार व्हायला चार ते सहा आठवडे लागतात, मग तो कितीही किमतीचा असो. ओळखीच्या कोणाकडे निरोगी, जुनी टाकी असेल तर नवा स्पंज महिनाभर तिच्यात चालू ठेवायला द्या. आणताना तो त्याच टाकीच्या पाण्यात ओला ठेवून आणा आणि घरी आल्याबरोबर पंपाला जोडा. त्याच दिवशी निम्मे मासे सोडता येतात, उरलेले दोन-तीन आठवड्यांनी.